पायी चालणाऱ्यांचा रकाना

रस्त्यावरची वाहतूक मोजायची म्हणजे सगळी वाहनं एका मापात आणावी लागतात. ते माप मोटारीचं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 सालच्या कोष्टकात मोटारीला 1, दुचाकीला अर्धा, एसटीला नि ट्रकला 3, ट्रॅक्टर-ट्रॉलीला साडेचार, हातगाडीला 3 आणि बैलगाडीला 8 असे आकडे दिलेले आहेत. बैलगाडी सावकाश जाते, जागा धरते, मागच्यांना खोळंबवते, म्हणून तिचा भार आठ मोटारींइतका. सायकललाही अर्धा मिळतो. पायी चालणाऱ्यासाठी त्या कोष्टकात ओळ नाही.

मी धाराशिवच्या मुलखातली. स्थापत्यची पदविका घेऊन रस्त्यांचे अहवाल तयार करणाऱ्या एका खाजगी सल्लागाराकडं नोकरीला लागले आणि माझ्या वाट्याला वाहतूक मोजणी आली. सलग 7 दिवस, दिवसाचे 24 तास, आठ-आठ तासांच्या पाळ्या. रस्त्याकडेचा एखादा लिंब बघायचा, त्याखाली टेबल आणि दोन खुर्च्या टाकायच्या; जाणारी बाजू एकाकडं, येणारी दुसऱ्याकडं. तक्त्यावर प्रत्येक वाहनाची एक रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी त्यांना छेदून तिरपी. रात्री समोरून नुसते दिवे येतात, तेव्हा आवाजावरून गाडी ओळखायला मुलं एक-दोन रात्रींतच शिकतात.

ही मुलं आसपासच्या गावांतलीच असायची. त्यांच्या खुर्च्यांसमोरून, अगदी हातभर अंतरावरून, माणसं चालत जायची. पहाटे खुरपायला निघालेल्या बाया, डोक्यावर भाकरीचं गठुडं. शाळेच्या पोरी. दुधाची कॅन घेऊन पाटीवर, म्हणजे गावाच्या फाट्यावर येणारे आजोबा. एसटीतून पाटीवर उतरून आतल्या गावाकडं निघालेली एखादी सासुरवाशीण, कडेवर लेकरू, हातात पिशवी. ती थांबून पोरांकडं पाणी मागायची, लातूरची गाडी गेली का विचारायची. दुसऱ्या दिवसापर्यंत पोरं त्यांना चेहऱ्यानं ओळखायला लागायची. एकानं मला विचारलं, “मॅडम, हे पायी चाललेलेबी मांडायचे का? कुठं मांडू?” तक्त्यात जागा नव्हती. मी उजव्या बाजूच्या समासात पेनानं एक उभी रेघ ओढली आणि वर ‘पायी’ असं लिहिलं. तो रकाना कार्यालयात मागितलेला नव्हता, बेरजेत धरलाही गेला नाही; पण त्यानंतर माझ्या प्रत्येक मोजणीत तो राहिला.

त्या रकान्यामुळंच पुढं मला धाराशिव ते तुळजापूर हा रस्ता पायी मोजायचं काम मिळालं. चालणाऱ्यांच्या सोयींची पाहणी करायची होती आणि मोटारीतून ती होत नाही, हे मी सारखं बोलत आले होते. वीस-बावीस किलोमीटरचं अंतर. जिल्ह्याचं ठाणं एका टोकाला, आई भवानीचं ठाणं दुसऱ्या टोकाला. सोबत दांड्याला लावलेलं मोजणीचं चाक, टेप, वही आणि एक मदतनीस मुलगा. पहिल्या दिवशी घाई केली नाही. शहराच्या हद्दीतला तुकडाच संपूर्ण दिवस पुरला.

शहरातल्या फुटपाथवर चालणं नि तो मोजणं यांत फार फरक आहे. कागदावर फुटपाथची लांबी लिहिलेली असते. इतके मीटर पेव्हर ब्लॉक, इतके मीटर कर्ब, म्हणजे कडेचे दगड. त्या लांबीवर बिल निघतं. पायाला मात्र लांबी लागत नाही, सलगपणा लागतो. मी वहीत वेगळी नोंद करायला लागले: एकदा फुटपाथवर चढलं, की खाली न उतरता किती मीटर चालता येतं? नवीन दुकानाचा उतार आला, उतरा. डीपीचा खांब आला, उतरा. झाकण नसलेला गटाराचा चेंबर, वाळूचा ढीग, रसवंतीचा चरक, लावलेल्या दुचाकींची रांग, वाढदिवसाच्या फलकाचे बांबू. इंडियन रोड्स काँग्रेसचीच पादचाऱ्यांसाठीची वेगळी नियमपुस्तिका आहे. चालायला मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर, म्हणजे चाकांच्या दोन खुर्च्या एकमेकींना ओलांडू शकतील इतकी, डोक्यावर 2.2 मीटर मोकळं. कर्बची उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. उतार दिला तर बाराला एक. पुस्तिका चांगली आहे. मी ती टेपसोबत पिशवीत ठेवली होती आणि अडलं की काढून बघत होते.

कर्बच्या 15 सेंटिमीटरचं महत्त्व मला एका आजींनी शिकवलं. त्या सरकारी दवाखान्यातून गुडघ्याचं औषध घेऊन निघाल्या होत्या. फुटपाथ रिकामा होता, तरी त्या खालून, गाड्यांच्या कडेनं चालत होत्या. मी म्हटलं, “आजी, वरून चला की.” त्या म्हणाल्या, “चढायचं नि उतरायचं, चढायचं नि उतरायचं. खालून चाललेलं बरं माय, गुडघं एकदाच दुखतंय.” मी टेप लावून बघितला. त्या ठिकाणी कर्ब दोन वितींपेक्षा उंच होता. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले की कर्बही वर घ्यायचा, दुकानात पाणी शिरू नये म्हणून आणखी वर घ्यायचा, असं करत तो इतका उंच झाला होता. आजींनी जो हिशेब चालता चालता मांडला तो पुस्तिकेतल्या आकड्यामागचाच हिशेब होता.

हातगाडेवाल्यांबद्दल मला इथं थांबून बोलायचंय, कारण फुटपाथचा विषय निघाला की पहिला हात त्यांच्यावर पडतो. माझ्या नोंदींत चालणाऱ्याला खाली उतरवणाऱ्या अडथळ्यांत त्यांचा वाटा मोठा नव्हता. जास्त जागा धरली होती ती न हलणाऱ्या गोष्टींनी: खांब, पायऱ्या, उतार, उभ्या गाड्या. भाजीवाल्या मावशीच्या पाटीजवळ उलट फुटपाथ जिवंत असतो. तिथं सावली असते, पाणी असतं, बाईमाणसाला संध्याकाळी तिथून जायला भीती वाटत नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानं त्यांना जागा नेमून देण्याची वाट घालून दिली आहे. ती जागा चालण्याच्या 1.8 मीटरच्या बाहेर आखली तर दोघांचंही भागतं. मी अहवालात तसा आराखडा काढून जोडला होता.

शहर संपलं की फुटपाथही संपतो. पुढं राष्ट्रीय महामार्ग 52, पूर्वीचा 211, सोलापूर-धुळे. चौपदरी, गुळगुळीत, मध्ये दुभाजक. कडेला साइडपट्टी: थोडी डांबरी, पुढं मुरुमाची. डांबरी साइडपट्टीवर चालावं तर उलट्या दिशेनं दुचाक्या येतात. मुरुमावर चालावं तर खडी टोचते, पावसाळ्यात गवतात साप. शेतात जाणाऱ्या बायांनी मुरुमाच्याही पलीकडं, उताराच्या कडेला, स्वतःची पाऊलवाट पाडलेली असते. ती फूटभर रुंदीची असते आणि कुठल्याच नकाशावर नसते. मी चाक तिच्यावरून चालवलं. नाल्यावरचा छोटा पूल आला की ती वाट एकदम तुटते, कारण पुलाचा कठडा डांबराला भिडलेला असतो, आणि मग सगळ्यांना काही पावलं ट्रकच्या अंगानं जावं लागतं. ती काही पावलंच धोक्याची. पूल रुंद केला नाही तरी कठड्याबाहेरून पायी जायचा एक सांधा टाकता येतो. अशी ठिकाणं मी नकाशावर लाल ठिपक्यांनी दाखवली.

या वाटेवर दुपारी मला पायी तुळजापूरला निघालेल्या बाया भेटल्या. नवरात्र नव्हतं, मंगळवार होता. नवस फेडायला निघाल्या होत्या. सगळ्या अनवाणी. त्या एकीमागं एक, सरळ रांगेत चालल्या होत्या आणि सगळ्या रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवरून. मला आधी वाटलं ही शिस्त आहे. जवळ गेल्यावर पुढची म्हणाली, “डांबर लई पोळायलंय माय, ह्या पांढऱ्यावर जरा बरं वाटतंय.” मी चप्पल काढून पाय ठेवला. खरंच होतं. काळं डांबर ऊन पिऊन घेतं, पांढरा रंग ते परत फेकतो. ती पट्टी 15 सेंटिमीटर रुंद असते, वाहनांना रात्री रस्त्याची कड दिसावी म्हणून आखलेली. त्या बायांसाठी तोच फुटपाथ होता. जिथं चालणाऱ्यानं असूच नये, नेमका तिथं, धावत्या चाकांपासून हातभर अंतरावर.

मी त्यांच्याबरोबर चालले. माझं चाक बघून एकीनं विचारलं, “काय मोजायलीस?” म्हटलं, “तुमची वाट.” तिनं मागं वळून बाकीच्यांना सांगितलं, “आपली वाट मोजायलीय गं ही,” आणि सगळ्यांनी मान वळवून चाकाकडं बघितलं. मग प्रत्येकीनं काही ना काही सांगितलं. पाण्याचा हातपंप कुठं होता आणि चौपदरीच्या कामात कुठं गेला. जुन्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडं होती, कुठं बसून भाकरी खायची ते ठरलेलं असायचं. आता सावली पेट्रोल पंपाचीच. बाईमाणसानं आडोशाला जायचं कुठं, हे त्यांनी आवाज खाली करून सांगितलं. हे सगळं मी जसंच्या तसं वहीत घेतलं. आमच्या छापील तक्त्यात विचारलेलं होतं: पृष्ठभागाचा प्रकार, रुंदी, स्थिती.

रस्ता ओलांडायचं गणित मी त्यांना बांधावर बसवून सांगितलं, कारण त्यांनी विचारलं होतं की पाटीवर पट्टे का मारत नाहीत. ओलांडण्यासाठी सोय द्यायची की नाही हे ठरवताना गर्दीच्या 4 तासांतली माणसांची सरासरी घेतात आणि तिला वाहनांच्या सरासरीच्या वर्गानं गुणतात. दुभाजक असलेल्या रस्त्यावर गुणाकार 20 कोटींच्या वर गेला तर सोय. यामागं तर्क आहे: वाहनं जास्त तर धोका जास्त. पण वाहनांचा वर्ग होतो आणि माणसं एकदाच मोजली जातात. दिवसात मोजकीच माणसं ओलांडतात अशा पाटीवर तो आकडा कधी भरत नाही. आणि ती मोजकी माणसं कोण, तर रोज तीच: शाळेची पोरं, दूधवाले, मजूर.

निरोगी माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरतात. एका बाजूचे दोन पदर 7 मीटरचे. ओलांडायला 6 सेकंद. ताशी 80 किलोमीटरनं येणारा ट्रक तेवढ्यात 130 मीटरवरून तुमच्यापर्यंत पोहोचतो. डोक्यावर गवताचा भारा असेल, गुडघा दुखत असेल, तर वेळ दुप्पट लागतो आणि ट्रक दुप्पट लांबून ओळखावा लागतो. साठीतल्या बाईच्या डोळ्यांना पाव किलोमीटरवरचा ट्रक आणि त्याचा वेग ओळखता आला पाहिजे, असं आपण गृहीत धरलेलं आहे. देशात 2022 साली रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांतली 32,825 पायी चालणारी होती. वाहतुकीच्या कोष्टकात ज्यांना ओळ नाही, त्यांना मृतांच्या कोष्टकात दर पाचांतली जवळपास एक जागा मिळालेली आहे.

तुळजापूरच्या दुसऱ्या बाजूला, सोलापूरकडून येणाऱ्या रस्त्यावर, वर्षातून काही दिवस हे सगळं उलटं होतं. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की देवी निद्रेला जाते ती आश्विन पौर्णिमेपर्यंत. त्या पौर्णिमेला, कोजागरीला, सोलापुरातून नि खाली कर्नाटकातून लाखो माणसं पायी येतात. सोलापूर ते तुळजापूर साधारण 45 किलोमीटर. रात्री निघायचं, तामलवाडी ओलांडायची, घाट चढून सकाळी गावात. प्रशासन दरवर्षी त्या दिवसांत या मार्गावरची वाहतूक दुसऱ्या रस्त्यांनी वळवतं. मी त्या रात्री मोजणीला उभी राहिले आहे. डांबराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत माणसं, ‘आई राजा उदो उदो’चा गजर, मध्येच संबळ, एखाद्याच्या डोक्यावर कवड्यांची माळ गुंडाळलेली परडी. रस्त्याकडेला गावोगावच्या मंडळांचे मांडव: चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी. पोरं खाली बसून अनोळखी माणसांच्या तळपायांना तेल लावत असतात, फोडांवर मलम लावत असतात. कुणी कुणाला जात विचारत नाही.

त्या रात्री रेघा मारून भागत नाही. आम्ही एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंतची आडवी रांग मोजायचो, मिनिटाला किती रांगा जातात ते घड्याळावर बघायचो आणि गुणायचो. त्यातून मला जे कळलं ते गर्दीच्या आकड्यापेक्षा मोलाचं होतं. वाहनं नसली की माणसं कुठून चालतात? ती दुभाजकाजवळून चालतात, जिथं डांबर सगळ्यांत सपाट असतं. म्हातारी माणसं मधोमध चालतात, कडेचा उतार त्यांच्या घोट्यांना सोसत नाही. लहान मुलांना आतल्या बाजूला ठेवतात. दर दोन-तीन किलोमीटरला बहुतेकांना टेकावंसं वाटतं. चालणाऱ्यांना निवड मिळाली की ते काय निवडतात, हे वर्षभरात फक्त त्या रात्री दिसतं. साइडपट्टीच्या बाहेर पायी मार्ग बांधायचा झाला तर तो सपाट हवा, एका बाजूला झुकलेला नको, आणि टेकायला ओटा किती अंतरावर हवा, हे सगळं तिथं उत्तरासकट मांडून ठेवलेलं असतं.

ही वाट किती जुनी आहे ते बघा. 1948 पर्यंत सोलापूर मुंबई इलाख्यात होतं आणि तुळजापूर निजामाच्या मुलखात. पायी निघालेली बाई एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होती, चलन बदलत होतं, सरकार बदलत होतं, वाट तीच होती. बुऱ्हाणनगरहून देवीची पालखी येते ती वाटही अशीच जुनी. घटस्थापनेआधी भवानी ज्योत घेऊन अनवाणी पळणारी पोरं याच रस्त्यांनी आपापल्या गावी जातात. पुढं ज्योत, मागं टेम्पो, आणि टेम्पोमागं खोळंबलेले ट्रक. 2023 साली मैलाच्या दगडांवरचं उस्मानाबाद पुसून धाराशिव लिहिलं गेलं, तरी वाट तीच राहिली. आधी मोटार आली आणि माणसं तिच्या रस्त्यात आली, असं या मुलखात घडलेलं नाही. चालणाऱ्यांची वाट होती, तिच्यावर खडी पडली, मग डांबर पडलं, मग ती चौपदरी झाली. प्रत्येक वेळी मूळ वहिवाटदार थोडा कडेला सरकला. शेताच्या बांधाबद्दल आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालतात. एवढी मोठी वहिवाट गेली तरी चालणाऱ्यानं कुठं अर्ज केला नाही, कारण तो कुणी एक नव्हता.

14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अडथळ्यांविना फुटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि फुटपाथ अपंगांनाही वापरता आले पाहिजेत. बातमी वाचली त्या संध्याकाळी मी जुन्या वह्या काढल्या. समासातल्या त्या रकान्यांच्या बेरजा मी तेव्हाच घरी करून ठेवल्या होत्या. आमच्याकडच्या बहुतेक पाट्यांवर सकाळी 6 ते 8 या वेळात मोटारींपेक्षा पायी चालणारे जास्त होते. या एका वाक्यासाठी मी तो रकाना इतकी वर्षं भरत होते. नवीन मुलं आता मोजणी कॅमेऱ्यानं करतात. संगणक ट्रक, मोटार, दुचाकी आपोआप ओळखतो. त्याला माणूसही ओळखता येतो, फक्त ती निवड आधी चालू करावी लागते. माझ्याकडं कुणी शिकायला आलं की पहिल्यांदा मी ती चालू करायला लावते, आणि भारा घेतलेली बाई, कडेवर लेकरू असलेली बाई, काठीवाला म्हातारा यांच्यासाठी हातानं वेगळी नोंद ठेवायला सांगते. त्यांच्या चालीवर रुंदी ठरायला हवी.

आता सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेचं काम चालू आहे. सुमारे 84 किलोमीटरचा मार्ग. तुळजापूरला याआधी कधी रेल्वे नव्हती. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडीसुद्धा येडशीवरून लातूरला निघून जायची. गाडी सुरू झाली की दर मंगळवारी, शुक्रवारी, पौर्णिमेला स्टेशनातून हजारो माणसं बाहेर पडतील आणि त्यांतली बरीचशी मंदिराकडं पायी निघतील, कारण पायी जाणं हाच त्यांचा नवस असतो. स्टेशनपासून महाद्वारापर्यंतची जमीन अजून बरीच मोकळी आहे. रिक्षातळाची, वाहनतळाची जागा आराखड्यात सगळ्यांत आधी आखली जाते. त्याच्याही आधी 3 मीटर रुंदीची, सपाट, फिकट रंगाच्या दगडाची, दोन्ही बाजूंना लिंब लावलेली पायवाट आखा, दर अर्ध्या किलोमीटरला ओटा, पाणी आणि बायांसाठी मोरी ठेवा, असं निवेदन मी मोजणीच्या बेरजा जोडून तयार केलं आहे. दगड फिकट रंगाचाच हवा, या ओळीखाली मी दोनदा रेघ ओढली आहे.